अर्धं शटर

कास्त्रोमारेच्या कॅथेड्रल चौकात रोज सकाळी पहिलं शटर वर जायचं ते एर्मेलिंदाच्या कॉफीबारचं. दुसऱ्या कुणी तिच्या आधी उघडलं असतं तर तिला दिवसभर अन्न गोड लागलं नसतं. तशी वेळ कधी आली नाही, कारण तिच्या मते चौकातले बाकीचे सगळे जन्मजात ऐदी होते. डाव्या हाताच्या दुकानातला न्हावी मिंगुच्चो ऐदी, पाद्री डॉन प्रीमो ऐदी, आणि घंटा वाजवणारा तर झोपेतच दोर ओढायचा. कबुतरंसुद्धा तसलीच. समुद्र एवढा हाकेवर, पण ती कधी पाण्यापर्यंत उडत गेली नाहीत. तिच्या टेबलांखाली बिस्किटांचा चुरा वेचत दिवस काढायची.

पर्यटकांना तर ती माणसांत धरतच नसे. एक कॉफी मागवून तासन्‌तास बसायचं, मान वर करून कॅथेड्रलचा पांढरा दगड न्याहाळायचा, नाहीतर घंटाघराच्या पोटातल्या कमानीतून पलीकडचा समुद्र बघत राहायचं. समुद्रात बघण्यासारखं काय असतं हे तिला जन्म तिथं जाऊनही कळलं नव्हतं. खारट पाणी, आणि त्यात गावाची घाण.

ह्या सगळ्या कचऱ्यातून तिनं एकच माणूस वेगळा काढला होता, आणि त्यालाही ती चारचौघांत ‘बुटक्या’ म्हणायची. तिचा नवरा साविनो. साविनोला देवानं उंची देताना हात आखडता घेतला होता. आतल्या भिंतीशी, टेलिफोनखाली त्याची एक खुर्ची होती, चौकाकडे तोंड करून. तिच्यावर एकावर एक दोन उशा ठेवल्या की त्याची हनुवटी टेबलाच्या नीट वर यायची. त्या उशा एर्मेलिंदानंच शिवल्या होत्या. हे ती कुणाला सांगत नसे.

कॉफीबारचं दार म्हणजे जुन्या काळच्या वखारीचं दार. होड्या आत घ्यायचे, त्यामुळे भलतंच उंच. त्याचं शटर अर्ध्यावर आणलं तरी चारचौघांच्या भुवईपर्यंतच यायचं. आणि अर्ध्यावर आणायची वेळ वरचेवर यायची. कॅथेड्रलमधून शवपेटी बाहेर पडली की चौकातलं प्रत्येक शटर अर्धं खाली. खांदेकरी चौकाला वळसा घालून घंटाघराखालच्या कमानीतून समुद्राकडच्या दफनभूमीच्या रस्त्याला लागले की पुन्हा वर. पूर्ण बंद करायचं नाही, पूर्ण उघडं ठेवायचं नाही. का, ते कुणी विचारत नसे. त्या वेळात कुणाला आतबाहेर करायचं झालं तर वाकून करायचं. एकटा साविनो ताठ मानेनं जायचा आणि पलीकडे मिंगुच्चोला ऐकवायचा, “मेलेल्याचा मान मी उभ्यानं राखतो बाबा.” एर्मेलिंदा ह्या विनोदाला दर वेळी नाक मुरडायची आणि दर वेळी तोंड फिरवून हसायची.

उजव्या हाताला, भिंतीला भिंत लागून, रुज्जेरोचं मेणबत्त्यांचं दुकान होतं. रुज्जेरो ताडमाड उंच. आपल्याच दुकानाच्या चौकटीवर जन्मभर डोकं आपटून घेतल्यामुळे त्याला एक खोड जडली होती. कुठल्याही दारातून जाताना टाळूवर तळहात आडवा धरायचा आणि कमरेत वाकायचा. कॅथेड्रलच्या दारातूनसुद्धा, ज्यातून गवताची गाडी सुखानं गेली असती. एर्मेलिंदा म्हणायची, झाकण धरतोय, अक्कल सांडेल म्हणून. आत काही असतं तर गोष्ट वेगळी.

त्यांचं वैर होतं ते एका खुर्चीवरून. तिच्या बाहेरच्या टेबलांच्या रांगेतली शेवटची खुर्ची त्याच्या काचेच्या कपाटासमोर यायची. तो रोज सकाळी ती पायानं सरकवायचा. हात लावायचा नाही, पायानंच. ती रोज पुन्हा जागेवर ठेवायची. ह्यात दोघांची अर्धी हयात गेली. मधल्या काळात पाद्री दोनदा बदलला, रुज्जेरोला नातवंडं झाली, पण खुर्ची तिथंच आणि पाय तोच. एकदा भर चौकात तो म्हणाला होता की मेलो तरी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. तिनं सांगितलं, आधी मर तर खरा, मग बघू.

सप्टेंबरात तो खरंच मेला. दुपारच्या जेवणानंतरची वेळ होती, जिला गावात कोन्त्रोरा म्हणतात. दारं-खिडक्या बंद, चौकात नुसतं ऊन. दुकानातल्या मोठ्या मेणबत्त्यांच्या पेटाऱ्यावर बसल्या बसल्या गेला. बायको अद्दोलोराता उठवायला आली तेव्हा पेटाऱ्यातलं मेण वितळून त्याच्या बुटांना चिकटलं होतं. मेला तोही घाण करून, असं एर्मेलिंदा काताल्दोला म्हणाली. काताल्दो तिचा वेटर, म्हातारपणाकडे झुकलेला, आणि ऐदीपणात चौकाचा राजा.

अंत्यविधी ठरला तो नेमका साविनोच्या ऑपरेशनच्या दिवशी. साविनोच्या पोटात गाठ निघाली होती. त्याचा भाचा ओरोन्त्सो त्याला आदल्या दिवशी गाडीतून बारी शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. एर्मेलिंदा जायला निघाली होती, पण साविनोनंच अडवलं. म्हणाला, तू डॉक्टरांना दोन शब्द सुनावशील आणि मग ते माझ्यावर राग काढतील. ती राहिली. डोळा टेलिफोनवर आणि हात कॉफीच्या यंत्रावर.

साडेअकराच्या सुमाराला घंटा संथ वाजायला लागली. मिंगुच्चोचं शटर खाली आलं. बेकरीचं आलं. चौकाच्या टोकाला दोरखंड विकणाऱ्याचं आलं. काताल्दो शटर ओढायची आकडीची काठी घेऊन दाराशी गेला, तेव्हा एर्मेलिंदा म्हणाली, “ठेव ती.”

“सिन्योरा, पेटी निघाली.”

“दिसतंय मला. ठेव म्हटलं ना. त्या टोणग्यासाठी मी उन्हात पडदासुद्धा ओढणार नाही.”

हे तिनं बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. गावानं ऐकलं, आणि गावानं ते खरं मानलं. खरं काय होतं ते तिच्या पोटात होतं. त्या घटकेला बारीमध्ये तिच्या माणसाचं पोट फाडून ठेवलेलं होतं. अशा वेळी तिनं आपल्या हातानं मरणाचं शटर ओढायचं? हात धजला नसता. पण भीती वाटते म्हणून सांगण्यापेक्षा गावानं तिला निर्लज्ज म्हटलेलं तिला चालणार होतं.

पेटी लांबलचक होती. सहा खांदेकरी, पुढे डावीकडे मिंगुच्चो. काळ्या कपड्यांतली माणसं चौकाच्या कडेनं सरकत तिच्या दारासमोर आली आणि का कुणास ठाऊक, पावलं अडखळली. चौकभर अर्धी शटरं, आणि मधोमध हिचं एकटं सताड उघडं, आत यंत्राची वाफ आणि टेबलाशी दोन जर्मन. अद्दोलोरातानं चेहऱ्यावर ओढलेल्या काळ्या जाळीतून तिच्याकडे पाहिलं. एर्मेलिंदानंही पाहिलं. मग घंटा पुन्हा पडली आणि पेटी पुढे गेली.

दुपारी टेलिफोन आला. गाठ काढून झाली होती, साविनो शुद्धीवर आला होता. एर्मेलिंदानं फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली, आणि कांदा चिरत नसतानाही बराच वेळ डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी मिंगुच्चो आला. खांदा चोळत उभा राहिला. म्हणाला, तुझ्या दारापर्यंत पेटी जड होती, सहाही जण घामाघूम झालो होतो. दारापासून पुढे हलकी झाली. कमानीत तर आम्ही जवळजवळ धावत होतो.

“तू खांदा काढून घेतला असशील,” एर्मेलिंदा म्हणाली. “त्याशिवाय तुला कधी काही हलकं लागलंय का?”

तो हसला नाही. कॉफी अर्धी टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साविनोच्या खुर्चीवरच्या दोन्ही उशा खाली होत्या. पडलेल्या नव्हत्या. भिंतीशी, एकीवर एक, नीट ठेवलेल्या. तिनं त्या झटकून पुन्हा खुर्चीवर ठेवल्या आणि काताल्दोला फैलावर घेतलं, की मालक इस्पितळात आहे म्हणून त्याची जागा बळकावतोस काय. काताल्दो शपथा घ्यायला लागला. त्याच्या शपथेला ती कवडीची किंमत देत नसे. पण त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी काताल्दो सुट्टीवर होता.

मग वास आला. आधी तिला वाटलं भिंतीतून येतोय. शेजारी मेणबत्त्यांचं दुकान, त्यात नवल काय? पण अद्दोलोरातानं दुकान बंद केलं होतं, आणि वास भिंतीशी नव्हताच. तो खुर्चीशी होता. गरम मेण आणि म्हाताऱ्या माणसाची लोकर. सोडा टाकून फरशी घासली की तासभर जायचा.

एका दुपारी काताल्दो आतून एक कॉफी घेऊन आला, बशीत लिंबाची साल. चौकात लिंबाची साल घालून कॉफी पिणारा एकच माणूस होता आणि तो ती समोरच्या बेकरीत जाऊन प्यायचा, एर्मेलिंदाला दिसेल असा उभा राहून. काताल्दोनं कप साविनोच्या टेबलावर ठेवला आणि वळला.

“हे कुणासाठी?” तिनं विचारलं.

“त्या टेबलाची आहे.”

“त्या टेबलाला तोंड फुटलं काय?”

काताल्दोनं टेबलाकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या तबकाकडे. त्याचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा झाला होता. “कुणीतरी मागितली, सिन्योरा. मी ऐकलं ना, तेव्हाच केली.” कुणी, ते त्याला सांगता येईना. तिनं कॉफी मोरीत ओतली आणि त्याला म्हणाली, आता कानाचा डॉक्टरही मलाच बघावा लागणार. कप धुताना मात्र तिनं तो तीनदा विसळला.

गिऱ्हाइकं त्या टेबलाला वळसा घालायला लागली. कुणी बोलत नसे, पण आत शिरलेला माणूस तिथं आला की जराशी वाट सोडायचा, जसं कुणाचे लांब पाय आडवे असावेत. एकदा एक जाडी जर्मन बाई खुर्चीला धक्का लागला म्हणून थांबली, मान लववून माफीचा शब्द पुटपुटली आणि पुढे गेली. खुर्चीत कुणी नव्हतं. एर्मेलिंदा यंत्रामागून बघत होती. ही बाई मूर्ख आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि पुसलेलाच कप पुन्हा पुसत होती.

साविनोचा फोन रोज यायचा. आवाज बारीक झाला होता पण थट्टा तीच. म्हणायचा, इथला पलंग एवढा लांब आहे की पायथ्याशी अजून एक रोगी झोपवतील. एक दिवस त्यानं विचारलं, “माझी खुर्ची कुणाला दिली नाहीस ना, लिंदा?”

फोन खुर्चीच्या बरोबर वर होता. बोलताना तिला भिंतीला चिकटून, अंग चोरून उभं राहावं लागायचं.

“तुझ्या खुर्चीत कोण मावणार, बुटक्या,” ती म्हणाली. “मुंगी?”

तिच्या कोपराजवळ लाकूड करकरलं. कुणीतरी पाय लांब करावेत, तसं.

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बाहेर ती होती तशीच होती, उलट जास्तच तिखट. डॉन प्रीमोला तिनं भर चौकात विचारलं की देवाच्या घरी सुट्टी किती मिळते. पण कोन्त्रोराला, चौक ओस पडला की ती यंत्रामागे बसून दाराकडे बघत राहायची. दाराच्या कमानीत वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ टांगलेली होती, इतकी उंच की काताल्दोला स्टूल घेतल्याशिवाय हात पुरत नसे. रुज्जेरो दुकान बंद करायचा त्या वेळेला ती माळ हलायची. वारा नसताना. आधी जराशी, मग खडखड, जसं कुणाचं डोकं लागावं. मग खुर्ची करकरायची. मग मेणाचा वास. मेल्या, तुला दुसरी जागा मिळाली नाही, असं ती मोठ्यानं म्हणून बघायची. उत्तर यायचं नाही. येऊ नये म्हणूनच ती लगेच पाण्याचा नळ सोडायची.

तिला स्वतःची काळजी नव्हती. बसेना का मेला, तिनं ह्याहून भिकार गिऱ्हाइकं सांभाळली होती. पण येत्या रविवारी साविनो घरी यायचा होता. अशक्त, जखम अजून हुळहुळणारी, आणि आल्या आल्या तो आपल्या खुर्चीत बसणार. ज्या खुर्चीत कुणीतरी आधीच बसलेलं आहे त्या खुर्चीत माणूस बसला म्हणजे काय होतं, हे तिला माहीत नव्हतं. ते तिला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

बुधवारी अद्दोलोराता आली. आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून आत आली, काळ्या कपड्यांत, हातात पिशवी. तिनं काही मागवलं नाही. सरळ साविनोच्या टेबलाजवळ गेली, भिंतीशी ठेवलेल्या उशांकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग हात नाकाशी नेऊन हुंगला.

“मी रोज त्याची खुर्ची मांडते,” ती म्हणाली. “ताट वाढते. महिना होत आला. घरी एकदासुद्धा आला नाही. मला वाटलं, गेला असेल पुढे सुखानं.” तिनं खुर्चीकडे बघून ओठ मुडपले. “हा इथं.”

एर्मेलिंदाला अशा वेळी टोमणा सुचायला हवा होता. तिनं यंत्र बंद केलं.

“घेऊन जा त्याला,” ती म्हणाली.

“माझं कधी ऐकलंय त्यानं?” अद्दोलोराता बसली, पण शेजारच्या टेबलाशी. “सगळ्यांची शटरं खाली होती. उघडं दार एकच. त्याला वाटलं असेल, आत कुणीतरी वाट बघतंय.”

“मी त्याची वाट बघत नव्हते.”

“पण बघत होतीस ना कुणाची तरी?”

एर्मेलिंदानं मान वर केली. त्या काळ्या जाळीमागचे डोळे तिच्याकडे बघत होते आणि त्यांत राग नव्हता, हे तिला जास्त लागलं.

अद्दोलोराता म्हणाली की शुक्रवारी दुपारी महिन्याची प्रार्थना आहे. ती संपून लोक बाहेर पडायला लागले आणि घंटा वाजली की शटर अर्धं खाली घे. पहिल्या दिवशी घ्यायचं होतंस, ते आता घे. तिची आजी म्हणायची, कळेल त्याला, जाईल. एर्मेलिंदानं विचारलं, कुठं जाईल? अद्दोलोराता उठली, पिशवी सावरली. ते तिला ठाऊक नव्हतं. बाहेर जाईल, एवढंच आजीनं सांगितलं होतं.

महिन्याच्या प्रार्थनेला कुणीच शटर खाली घेत नाही. म्हणजे घ्यायचं ते तिनं एकटीनं, भर उन्हात, सगळ्या गावासमोर. ज्या गावाला तिनं जन्मभर जोड्याशी उभं केलं नाही त्या गावापुढे मान खाली घालायची, आणि तीही त्या टोणग्यासाठी. गुरुवारी दिवसभर ती ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिली. काताल्दोनं साखर सांडली तर तिनं त्याच्या बापापर्यंत उद्धार केला. पण साविनोचा विचार आला की तिचा सगळा तोरा गळून जायचा. रविवारच्या आत ती खुर्ची रिकामी व्हायलाच हवी होती.

शुक्रवारी तिनं काताल्दोला लवकर घरी पाठवलं. आकडीची काठी स्वतः घेतली आणि दाराशी उभी राहिली. मिरच्यांची माळ हलून शांत झाली होती. मागे खुर्ची करकरली होती. तो आत होता.

कॅथेड्रलची दारं उघडली. काळे कपडे पायऱ्यांवर आले. मिंगुच्चो होता, बेकरीवाला होता, डॉन प्रीमो होता. घंटा वाजली. एर्मेलिंदानं आकडी अडकवली आणि ओढलं.

शटरचा आवाज चौकभर झाला. पायऱ्यांवरचे सगळे थांबून तिच्याकडे बघू लागले. बेकरीवाल्यानं मिंगुच्चोला कोपर मारलं. तिचे कान तापले, पण तिनं ओढणं थांबवलं नाही. अर्ध्यावर आणून काठी काढून घेतली. शटरची पट्टी तिच्या डोळ्यांसमोर आली, आता तिला लोकांचे चेहरे दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त धडं आणि पाय, आणि उन्हात चकाकणारी फरशी.

मागे खुर्ची सरकली.

ती वळली नाही. गरम मेणाचा वास तिच्या पाठीशी आला, शेजारी आला, आणि तिच्या गालाजवळून बाहेर गेला. शटरची खालची पट्टी एकदाच थरथरली.

मग दुकानात कॉफीचा वास उरला. नुसता कॉफीचा.

एर्मेलिंदानं काठी टेकून ठेवली. खुर्चीपाशी गेली, पाठीवर हात ठेवला, बसून पाहिलं. रिकामी. निव्वळ लाकूड. तिनं दोन्ही उशा उचलल्या, थोपटून फुगवल्या, एकावर एक ठेवल्या. महिन्यात पहिल्यांदा तिला श्वास पुरा घेता आला. गेलास ना, ती म्हणाली. तुझ्यासाठी गावापुढे तोंड काळं केलं, पण गेलास.

“मामी!”

बाहेरून ओरोन्त्सोचा आवाज. तो हसत होता. ओरडून सांगत होता की इस्पितळात पलंग कमी पडले, मामाला आजच सोडलं, तिला मुद्दाम कळवलं नाही. गाडी चौकात येत नाही म्हणून वेशीशीच ठेवली. मामा म्हणतो, मी माझ्या पायांनी जाणार.

ती पुन्हा शटरला चिकटून आत उभी राहिली. चौकाच्या पलीकडून ओळखीचे तपकिरी बूट येत होते. छोटे बूट, छोटी पावलं, दर दोन पावलांना थांबून. शटर वर घ्यावं म्हणून तिनं काठी उचलली, आणि घंटा अजून वाजतेय हे ऐकून पुन्हा खाली ठेवली.

बूट चौकाच्या मधोमध थांबले.

घंटा थांबली.

बराच वेळ ते तसेच उभे होते. ओरोन्त्सो काहीतरी विचारत होता. उत्तर आलं नाही.

मग बूट चालायला लागले. आता मध्ये थांबत नव्हते. पावलं लांब पडत होती.

ते बाहेरच्या टेबलांपाशी आले. रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपाशी. उजवा बूट उचलला गेला आणि त्यानं खुर्ची बाजूला सरकवली. फरशीवर तिचे पाय घासले गेले, तो आवाज एर्मेलिंदानं अर्धी हयात ऐकला होता.

“साविनो?” ती म्हणाली.

“आलो, लिंदा.” आवाज त्याचाच होता. बारीक, थकलेला.

तो शटरसमोर आला. तिला त्याचा चेहरा पुरा दिसत होता, पिवळट, दाढी वाढलेली, डोळे तिच्यावर. त्याच्या टाळूच्या वर शटर चांगलं वीतभर उंच होतं. ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “ये की आत. तुला कुठं वाकावं लागतं.”

साविनोनं टाळूवर तळहात आडवा धरला, आणि कमरेत वाकून आत आला.